सरहद्द, शेजारी आणि वाटसरू

स्वतःचे मूल अर्धपोटी असताना दारात आलेल्या परक्या मुलाच्या हाती भाकरी ठेवणे हे पुण्य म्हणावे की कर्तव्यात कसूर? प्रश्न घरगुती वाटतो. परंतु घराच्या जागी राष्ट्र आणि दाराच्या जागी सरहद्द ठेवली की हाच प्रश्न आजच्या जगातील एका मोठ्या वादाचे मूळ होतो. अमेरिकेतील ख्रिस्ती समाजात हा वाद कित्येक वर्षांपासून चालू आहे. तेथील पुराणमतवादी ख्रिस्ती विचारवंत बायबलच्या आधारे असे प्रतिपादन करतात की राष्ट्रांच्या सीमा ही ईश्वरी व्यवस्था आहे, त्या राखणे हे शासनाचे कर्तव्य आहे आणि परकीयावरील दया ही स्वकीयांवरील जबाबदारीनंतर येते.

वाचकहो, इतर धर्मीयांचा आपसातील वाद म्हणून आपण हा विषय बाजूला सारू नये. या उम्मतला सर्वप्रथम आश्रय दिला तो एका ख्रिस्ती राजाने. इ.स. ६१५ च्या सुमारास मक्केतील छळाने गांजलेले मुसलमान समुद्र ओलांडून हबशाला पोहोचले. कुरैशांनी त्यांच्या मागोमाग नजराणे घेऊन दूत पाठवले आणि या पळपुट्यांना आमच्या स्वाधीन करावे, अशी मागणी केली. नजाशीने दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून घेतले, ह. जाफर (र.) यांच्या मुखातून सूरह मरयमचे पठण ऐकले आणि नजराणे परत पाठवले. पुढे त्याच्या निधनाची वार्ता कळताच प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेत त्याच्यासाठी जनाजाची नमाज अदा केली. म्हणून ख्रिस्ती माणूस परकीयाविषयी काय म्हणतो, हे ऐकून घेण्यास आपण बांधील आहोत.

आणि ऐकायचे तर त्या मताचे सर्वांत बळकट रूप ऐकावे. सर्वांत दुबळे रूप पुढे करून त्याचा पाडाव करणे सोपे असते, पण ते न्यायाचे नाही. सूरह माइदामध्ये ताकीद आहे की एखाद्या समूहाविषयीच्या वैरभावाने तुम्हाला न्यायापासून ढळवू नये. २७ जानेवारी २०१७ रोजी निघालेल्या ज्या आदेशाने सात मुस्लिमबहुल देशांतील लोकांना अमेरिकेची दारे बंद झाली, त्याची आठवण आपल्या मनात ताजी आहे. ती वेदना खरी आहे. परंतु वेदना म्हणजे युक्तिवादाचे उत्तर नव्हे.

तर त्यांचे म्हणणे असे. बाबेलच्या बुरुजाच्या कथेत ईश्वराने मानवजातीची भाषा वेगवेगळी केली आणि तिला पृथ्वीवर पांगवले. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात पौल अथेन्समध्ये सांगतो की राष्ट्रांचे काळ आणि त्यांच्या वस्तीच्या मर्यादा ईश्वरानेच नेमल्या. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात शासनकर्त्याला ईश्वराचा सेवक म्हटले आहे. इस्राएलच्या लोकांनी अदोमच्या राजाकडे त्याच्या भूमीतून जाण्याची परवानगी मागितली आणि त्याने नाकारताच ते दुसऱ्या वाटेने गेले; म्हणजे सीमा होत्या आणि त्या मानल्या जात होत्या. इजिप्तविद्येचे अभ्यासक जेम्स हॉफमायर यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात याच धाग्याचा विस्तार केला आहे. तौरातमध्ये ज्या उपऱ्यावर प्रेम करण्याची वारंवार आज्ञा आहे, त्यासाठी हिब्रूत ‘गेर’ हा शब्द येतो. हॉफमायर यांच्या मते गेर म्हणजे यजमानाची संमती घेऊन राहणारा परदेशी. बिनपरवाना आलेल्याला ते संरक्षण त्याच अर्थाने लागू होत नाही.

या साऱ्यामागे प्रेमाच्या क्रमाचा जुना सिद्धान्त आहे. संत ऑगस्टीनने त्याची मांडणी केली, तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने त्याला शिस्तबद्ध रूप दिले. जानेवारी २०२५ च्या अखेरीस अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी त्याचाच हवाला दिला: आधी कुटुंब, मग शेजारी, मग आपला समाज, मग देशबांधव आणि त्यानंतर उरलेले जग. व्हान्स स्वतः २०१९ मध्ये कॅथलिक झालेले आहेत, हे येथे ध्यानात ठेवावे. कारण त्यांना उत्तर आले ते थेट पोपकडून.

त्या उत्तराकडे वळण्यापूर्वी आपण आपल्या ग्रंथाकडे पाहू. प्रेमाला क्रम असतो, हे इस्लामने नाकारलेले नाही. सूरह बकरामध्ये काय व कोणावर खर्च करावा, असा प्रश्न विचारला गेला तेव्हा आईवडील प्रथम आले, मग नातलग, मग अनाथ, मग गरजू. आपल्यावर अवलंबून असलेल्यांपासून सुरुवात करावी, ही प्रेषितांची (स.) शिकवण प्रसिद्ध आहे. सूरह हुजुरातमध्ये राष्ट्रे आणि कबिले ही अल्लाहचीच निर्मिती सांगितली आहे, परस्परांची ओळख व्हावी म्हणून. साऱ्या सीमा पुसून टाकाव्यात, असे कुरआन कोठेही सांगत नाही. जो पिता आपल्या लेकरांच्या वाट्याचे उचलून जगभर वाटतो, त्याला उदार म्हणताना आपलीही जीभ अडखळेल. इथवर पुराणमतवादी ख्रिस्ती माणूस आणि आपण एकाच वाटेने चाललो आहोत, हे मान्य करण्यात संकोच नसावा.

पण त्याच आयतमध्ये, त्याच यादीत, शेवटी कोण आहे ते पाहा. ‘इब्नुस्सबील’, म्हणजे वाटसरू. अरबी शब्दाचा अर्थ आहे रस्त्याचा पुत्र; ज्याला या क्षणी रस्त्याखेरीज कोणी मायबाप नाही असा. सूरह निसामध्ये नातलग शेजाऱ्यासोबत अनोळखी शेजारी आहे आणि तेथेही वाटसरू आहे. जकातीच्या आठ हक्कदारांत पुन्हा तो आहे. क्रमात तो मागे आहे, परंतु क्रमाच्या बाहेर नाही. यादी कोठून आरंभ करावा हे सांगते. कोठे थांबावे हे सांगत नाही. व्हान्स यांच्या वाक्यातील उणीव मला इथेच दिसते. ‘उरलेले जग’ हे शब्द उच्चारताना त्या जगाचे आपल्याकडे काही देणे निघते, याचा त्यात मागमूस राहत नाही.

शिवाय गरज हा क्रम बदलते. हे अक्वायनसनेच लिहून ठेवले आहे, याची आठवण त्याचे नाव घेणाऱ्यांनी ठेवायला हवी होती. त्याच्या मते एखादा परका माणूस जिवावरच्या संकटात असेल आणि स्वतःचा पिता तितक्या निकडीत नसेल, तर प्रथम त्या परक्याच्या मदतीला धावणे योग्य ठरू शकते. पोप फ्रान्सिस यांनी १० फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेतील बिशपांना पत्र लिहिले, त्याचाही रोख हाच होता. प्रेमाचा खरा क्रम उमगायचा असेल तर चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टान्तावर चिंतन करावे, असे त्यांनी सुचवले. लुटला गेलेला, रस्त्याकडेला पडलेला माणूस. त्याला टाळून निघून जाणारे स्वधर्मीय पुरोहित. आणि थांबणारा तो तिरस्कृत परका. त्याच पत्रात पोप यांनी गंभीर गुन्हे करणाऱ्यांपासून स्वतःचे रक्षण करण्याचा राष्ट्राचा हक्कही मान्य केला, हे अनेकांनी सांगण्याचे टाळले. कॅथलिक धर्मशिक्षेतही दोन्ही बाजू आहेत: सुखवस्तू राष्ट्रांनी आपल्या कुवतीप्रमाणे परकीयाला सामावून घ्यावे, आणि आलेल्याने त्या देशाचे कायदे पाळावेत.

हॉफमायर यांच्या शब्दभेदाला त्यांच्याच ग्रंथातली रूथ आडवी येते. ती मवाबी स्त्री. बैथलहेमच्या शेतात कणसे वेचताना ती स्वतःसाठी गेर हा शब्द वापरत नाही. ती सरळ परकी असा शब्द उच्चारते. तरीही उपऱ्यांसाठी राखलेला सरवा तिला मिळतो आणि तिच्याच वंशात पुढे ह. दाऊद (अ.) जन्मतात. शब्दकोशाच्या बळावर दार बंद करणे इतके सोपे नसते.

आता भिंतीविषयी. २० जानेवारी २०१७ रोजी, ट्रम्प यांच्या पहिल्या शपथविधीच्या सकाळी, वॉशिंग्टनच्या सेंट जॉन्स चर्चमध्ये पाद्री रॉबर्ट जेफ्रेस यांनी प्रवचनाला नहेम्याची कथा घेतली. नहेम्याने जेरुसलेमचा तट बांधला आणि बायबलप्रमाणे ते काम ५२ दिवसांत पुरे झाले. भिंत बांधणे ईश्वराला अमान्य नाही, हा त्याचा बोध. बोध खोटा नाही. मात्र नहेम्या हा उद्ध्वस्त होऊन परत आलेल्या, दुर्बळ लोकांचा पुढारी होता, आणि तोवर स्वतः परक्या राजाच्या दरबारात चाकरी करत होता, ही गोष्ट प्रवचनाच्या ओघात मागे पडते.

आपल्या घरांत शुक्रवारी सूरह कहफचे पठण होते. त्या एकाच सूरहमध्ये दोन भिंती आहेत, इकडे आपले लक्ष कधी गेले आहे काय? दुसरी भिंत जुलकरनैनची. लोक त्याच्याकडे गाऱ्हाणे घेऊन येतात की याजूज-माजूज भूमीवर उपद्रव माजवतात. तू आमच्या व त्यांच्या मध्ये अडसर उभा कर, आम्ही तुला मोबदला देऊ. तो मोबदला नाकारतो, त्यांच्याकडून केवळ श्रम मागतो आणि लोखंड व वितळलेल्या धातूचा अडसर उभारतो. म्हणजे कुरआनातही संरक्षक भिंत आहे आणि ती बांधणारा सत्पुरुष आहे. परंतु ती कोणाविरुद्ध आहे? उपद्रव करणाऱ्यांविरुद्ध. त्यांची भूक किंवा त्यांचे परकेपण हे कारण म्हणून आलेले नाही. त्यांचे कृत्य आले आहे. काम पुरे झाल्यावर जुलकरनैन हेही सांगतो की ही माझ्या पालनकर्त्याची कृपा आहे आणि त्याच्या वचनाची घटका आली की ही भिंत भुईसपाट होईल. भिंतीची पूजा त्याने केली नाही.

पहिली भिंत याहून विलक्षण. ह. मूसा (अ.) आणि त्यांचे ज्ञानी सोबती एका वस्तीत येतात, भुकेले असतात, अन्न मागतात. वस्ती नकार देते. त्याच वस्तीत कोसळू पाहणारी एक भिंत तो सोबती विनामोबदला सावरतो, कारण तिच्याखाली दोन अनाथ मुलांचे धन पुरलेले असते. भिंतीआडच्या दुबळ्यांच्या मालकीचे रक्षण हे सत्कर्म ठरले. आणि भुकेल्या प्रवाशाला परत पाठवणाऱ्या वस्तीची वर्तणूकही ग्रंथात कायमची नोंदली गेली.

कायद्याच्या मुद्द्यावर मात्र मी त्या ख्रिस्ती विचारवंतांना सहजासहजी खोडून काढणार नाही. इ.स. ६२८ मध्ये हुदैबियाच्या तहात एक कलम होते: मक्केहून जो पळून येईल त्याला परत करावे. तहाचा मसुदा लिहिला जात असतानाच अबू जंदल (र.) बेड्यांसह फरफटत तेथे पोहोचले. समोर बसून तह करणारा कुरैशांचा प्रतिनिधी सुहैल हा त्यांचाच पिता. त्यांनी मुसलमानांना आर्त हाक दिली. प्रेषितांनी (स.) त्यांना धीर धरण्यास सांगितले, अल्लाह वाट काढील असे आश्वासन दिले आणि परत पाठवले. ह. उमर (र.) कासावीस झाले. शब्द पाळण्याची किंमत अशी असते. परंतु थोड्याच काळात स्त्रिया हिजरत करून येऊ लागल्या. उम्मे कुलसूम (र.) यांचे भाऊ त्यांना परत मागण्यास आले, तेव्हा सूरह मुमतहिनाची आज्ञा उतरली: या स्त्रियांची पारख करा, त्या ईमानधारक असल्याची खात्री झाली तर त्यांना परत करू नका, आणि त्यांच्या पतींनी दिलेला महर परत करा. चौकशी आहे, समोरच्या पक्षाच्या नुकसानीची भरपाई आहे आणि आश्रयही आहे. जून २०१८ मध्ये अमेरिकेचे महान्यायवादी जेफ सेशन्स यांनी रोमकरांस पत्राचा तोच तेरावा अध्याय पुढे करून, सरहद्दीवर मुलांना आईबापांपासून तोडणाऱ्या धोरणाचे समर्थन केले. तेव्हा ट्रम्प यांचे खंदे पाठीराखे पाद्री फ्रँकलिन ग्रॅहम यांनीही त्या धोरणाचा निषेध केला. कायद्याचा आदर करणाऱ्यालाही कोठेतरी थांबावे लागते, हे त्यांना उमगले होते.

येथवर वाचून आपल्याला समाधान वाटत असेल, तर जरा थांबा. युरोपने सीरियाच्या निर्वासितांना घ्यावे, असे आपण मोठ्या आवाजात म्हणालो. अन्सारचे दाखले दिले. तुर्कस्तान, जॉर्डन, लेबनॉन यांनी लाखोंना जागा दिली, हे खरेच. पण १९५१ च्या निर्वासित करारावर सौदी अरेबिया, पाकिस्तान, इंडोनेशिया यांची स्वाक्षरी नाही. २०२३ च्या अखेरीपासून पाकिस्तानने आणि त्यानंतर इराणने लाखो अफगाणांना परत धाडले. त्यांत तेथेच जन्मलेली मुलेही होती. त्या वेळी आपल्या व्यासपीठांवरून अन्सार कोणाला आठवले? रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांची चूल आखातातील पगारावर पेटते. कफालत पद्धतीत मालकाच्या मर्जीवर टिकणारा परवाना म्हणजे काय, हे त्या घरांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. आणि तो मालक बहुधा नमाजी असतो.

आणखी एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. सूरह तौबा युद्धाची सूरह म्हणून ओळखली जाते. तिच्यातच आज्ञा आहे की अनेकेश्वरवाद्यांपैकी कोणी आश्रय मागितला तर तो द्या, त्याला अल्लाहची वाणी ऐकू द्या आणि मग त्याला त्याच्या सुरक्षित ठिकाणी पोहोचवा. त्याने इस्लाम स्वीकारलाच पाहिजे, अशी अट नाही. केवळ आपल्या धर्माच्या निर्वासितासाठी गहिवरणारा मुसलमान आणि केवळ ख्रिस्ती निर्वासितालाच जवळ करू पाहणारा अमेरिकन, या दोघांत मला फारसे अंतर दिसत नाही.

आपल्या हाती कोणत्याही राष्ट्राची सरहद्द नाही, तेव्हा या चर्चेशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. मक्का जिंकली गेली त्या दिवशी उम्मे हानी (र.) यांनी आपल्या सासरच्या दोन माणसांना घरात लपवले. ते शत्रुपक्षातील होते. उम्मे हानींचे सख्खे भाऊ ह. अली (र.) त्यांना ठार करण्याच्या निश्चयाने दारात उभे राहिले. उम्मे हानींनी दार लावून घेतले आणि त्या प्रेषितांकडे (स.) गेल्या. त्यांच्याकडे ना अधिकारपद होते, ना सैन्य. त्यांनी फक्त दोन माणसांना शब्द दिला होता. प्रेषितांनी (स.) तो शब्द साऱ्या मुसलमानांचा शब्द ठरवला, आणि ती दोन माणसे जिवंत आपल्या घरी गेली.