बायोडेटा हाच पहिला रिपोर्ट

चिंचवड

चि. भाचीस,


तुझा बायोडेटा मिळाला. चाकणच्या कंपनीत क्वालिटी विभागात डिप्लोमा ट्रेनीची जागा आहे आणि इंटरव्ह्यूला काय वाचून जाऊ, असं तू विचारलं आहेस. वाचायचं काय ते सांगतोच, पण त्याआधी खोडायचं काय ते बघू.

ऑटोकॅड, कॅटिया, सीएनसी प्रोग्रॅमिंग, सिक्स सिग्मा अशी रांग तू लावली आहेस. यातलं ऑटोकॅड तुला येतं, ते ताईकडे आलो तेव्हा मी पाहिलं आहे. बाकीच्यांचं काय? ट्रेनीच्या इंटरव्ह्यूला पॅनेलकडे फार वेळ नसतो. प्रश्न शोधत बसण्यापेक्षा समोरच्या कागदावरची एखादी ओळ धरायची आणि तिथेच खणत जायचं, मी पॅनेलवर असताना हीच आमची रीत होती. सिक्स सिग्मा लिहिलंस की पुढचा प्रश्न स्टँडर्ड डेव्हिएशनचा येणार. दोन प्रश्नांत तळ लागला की जे खरोखर येतं त्यावरचाही विश्वास जातो. क्वालिटीचं सगळं कामच मुळी मोजलं तेवढंच लिहिण्याचं. न मोजता रीडिंग भरणारा माणूस या विभागात कोणालाच नको असतो. तुझा बायोडेटा हा तुझा पहिला इन्स्पेक्शन रिपोर्ट आहे, असं समजून तो लिही.

आता जे लिहायला हवं होतं ते कुठे आहे? शिरोलीच्या फाउंड्रीत तू ट्रेनिंग केलंस, त्याला तू एक ओळ दिली आहेस, तीही कंपनीचं नाव आणि तारखा एवढीच. तिथे कास्टिंगच्या तपासणीवर तू उभी होतीस. ब्लो होल, श्रिंकेज, सँड इन्क्लुजन असे दोष वेगळे काढत होतीस. चाकणची ही कंपनी कास्टिंग विकत घेऊन मशीनिंग करते, म्हणजे तू पाहिलेले दोष त्यांच्या रोजच्या डोकेदुखीचे. ब्लो होल अडकलेल्या वायूमुळे पडतं आणि श्रिंकेज धातू थंड होताना आकसल्यामुळे येतं, हे तुला ठाऊक आहे. मग कोणता दोष मशीनिंगनंतरच उघडा पडतो आणि तेव्हा केवढं काम वाया जातं, हेही सांगता आलं पाहिजे. कॉलेजात तुम्ही सगळ्यांनी मिळून बनवलेल्या ड्रिल जिगमध्ये तुझा वाटा कोणता, तेही लिही. 'आम्ही केलं' म्हणालीस की 'तू काय केलंस' हा प्रश्न आलाच. जिगमधला बुश हार्ड का केला हे सांगता येत नसेल, तर वर्कशॉपच्या सरांकडे जाऊन विचारून ये.

वाचायचं म्हणशील तर नवं पुस्तक उघडू नकोस. मोजमाप आणि ड्रॉइंग पक्कं कर. व्हर्नियरचा लीस्ट काउंट ०.०२ मिमी आणि मायक्रोमीटरचा ०.०१ मिमी, हे पाठ असणारे पुष्कळ येतात. खरा प्रश्न त्याच्या पुढचा असतो. ड्रॉइंगवर २५ एच७ चं भोक आहे, म्हणजे माप २५.००० ते २५.०२१ मिमी. ते व्हर्नियरने तपासशील का? नाही, कारण सगळी सूटच २१ मायक्रॉनची आणि व्हर्नियर २० मायक्रॉनच्या पायरीने वाचतं. उपकरण सुटीच्या साधारण दहाव्या हिश्शापर्यंत वाचणारं हवं, म्हणून बोअर गेज घ्यायचा. फक्त पास-नापास ठरवायचं असेल तर गो-नोगो प्लग गेज. हे कारणासकट सांगणारा उमेदवार पॅनेलच्या लक्षात राहतो.

टेबलावर एखादा पार्ट आणि मायक्रोमीटर ठेवून 'मोज' म्हणतील. घाई करू नकोस. पार्ट पूस, मायक्रोमीटरची तोंडं पूस, झीरो बघ, कॅलिब्रेशनच्या स्टिकरवरची तारीख बघ, मग माप घे. मी आकड्याआधी उमेदवाराचे हात बघत असे. याशिवाय सेव्हन क्यूसी टूल्स, व्हाय-व्हाय ॲनालिसिस आणि वाहन उद्योगाचं क्वालिटीचं मानक आयएटीएफ १६९४९ यांची तोंडओळख असू दे. आलं नाही तर 'माहीत नाही' म्हण आणि ते कसं शोधशील ते सांग.

इंग्रजीची तुला धास्ती आहे, असं ताई म्हणाली. स्वतःची ओळख दीड मिनिटाची इंग्रजीत तयार कर, पण 'हार्डवर्किंग, सिन्सिअर' ही जपमाळ नको. कुठली, काय शिकले, फाउंड्रीत काय पाहिलं आणि क्वालिटीच का, एवढं पुरे. ताईसमोर मोठ्याने बोलून बघ. मध्येच अडलीस तर 'सर, मराठीत सांगू का?' असं सरळ विचार. शॉपफ्लोअरवर मराठी-हिंदीच चालते. मात्र रिपोर्ट आणि ग्राहकाचे ईमेल इंग्रजीत असतात, म्हणून इंग्रजी शिकणं नोकरी लागल्यावरही सोडू नकोस.

मुलगी म्हणून दोन प्रश्न जास्तीचे येतील. रात्रपाळी करशील का, हा रास्त प्रश्न आहे. रात्रपाळीसाठी तुझी संमती लागते आणि ने-आणीची, सुरक्षिततेची सोय कंपनीने करायची असते. तेव्हा उत्तर देतानाच बस कुठून कुठपर्यंत आहे ते विचार. लग्न कधी करणार, हा प्रश्न मात्र कामाचा नाही. चिडू नकोस आणि लाजूही नकोस. 'मी नोकरी करायची ठरवूनच आले आहे' एवढं म्हणून थांब.

पगाराचं बोलताना सीटीसी आणि हातात येणारी रक्कम यांत गल्लत नको. समज, वर्षाचा सीटीसी ३ लाख, म्हणजे महिन्याला २५ हजार, आणि त्यात बेसिक १५ हजार. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये, आणि ग्रॅच्युइटीचे साधारण ७२० रुपये बहुधा त्या २५ हजारांतच धरलेले असतात. तुझ्या वाट्याचा पीएफ आणखी १,८००. हातात उरले साडेवीस हजारांच्या आसपास, तेही कँटीन आणि बसचे पैसे कापायच्या आधी. महाराष्ट्रात महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर नाही, तेवढी कपात वाचते. खोलीभाड्याचा हिशेब या आकड्यावर कर. जागा ट्रेनीची आहे की १९६१ च्या कायद्याखालच्या अप्रेंटिसची, हेही विचारून घे. अप्रेंटिस कायद्याने कामगार नसतो, आणि करारात तसं लिहिलेलं नसेल तर मुदत संपल्यावर त्याला कामावर घेण्याचं बंधन कंपनीवर नसतं.

आणखी एक. नोकरी देण्यासाठी डिपॉझिट, युनिफॉर्म किंवा ट्रेनिंगचे पैसे आधी मागणारा माणूस फसवणारा आहे असं समज, मग त्याच्या पत्रावर कितीही मोठ्या कंपनीचा शिक्का असो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळव. मूळ मार्कशीट दाखवायला ने, ठेवून येऊ नकोस. ऑफर लेटर हातात आलं की सहीआधी बाँडची मुदत, रक्कम आणि नोटीस पिरियड वाच.

या एका इंटरव्ह्यूत जमलं नाही, तरी विचारलेला प्रत्येक प्रश्न त्याच संध्याकाळी वहीत उतरव. पुढच्या कंपनीत त्यातले निम्मे पुन्हा येतील. आता बायोडेटा एका पानात नव्याने लिही, ज्या ओळीवर दोन प्रश्न झेलता येणार नाहीत ती काढून टाक आणि रविवारच्या आत मला पाठव. पुढच्या वेळी प्रश्न मी विचारीन.

तुझा,
मामा