स्पर्श नेमका कुठे घडतो?

वऱ्हाडातल्या पातूरच्या टेकडीवर रेणुकामातेच्या दर्शनाला येणारा माणूस पायरीला हात लावून तोच हात कपाळी लावतो. शेख बाबूंच्या दर्ग्यात चादरीलाही असाच भक्तिभावाने हात लागतो. एके काळी गावाचं नावच ‘पातूर शेख बाबू’ असं लिहिलं जाई. दोन्हीकडे श्रद्धा एकच : हात लागला की काहीतरी लाभतं. याच वऱ्हाडात दुसरी समजूतही पिढ्यानपिढ्या नांदली. काही माणसांचा हात लागला की पाणी बाटतं, देव विटाळतो. स्पर्शातून खरंच काही इकडचं तिकडे जातं का?

अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या न्यायशास्त्राच्या ग्रंथात स्पर्श हा फक्त त्वचेला कळणारा गुण मानला आहे. पाण्याचा शीत, तेजाचा उष्ण, पृथ्वी आणि वायूचा ना थंड ना गरम. म्हणजे स्पर्श वस्तूतच असतो, त्वचा तो जाणते. शाळकरी मुलं विज्ञान प्रदर्शनासाठी बनवतात तो साधा टच स्विच मात्र या उत्तरावर थांबू देत नाही.

सगळ्यांत सोपा प्रकार दोन खिळ्यांचा. खिळे जवळजवळ ठोकायचे, पण एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. त्यांवर बोट ठेवलं की नऊ व्होल्टच्या बॅटरीतून त्वचेमार्फत जेमतेम काही मायक्रोअँपिअर प्रवाह वाहतो. डार्लिंग्टन पद्धतीने जोडलेले दोन बीसी ५४७ ट्रान्झिस्टर तो हजारो पटींनी वाढवतात आणि एलईडी पेटतो. बेसला १०० किलोओहमचा आणि एलईडीला ४७० ओहमचा रोधक लावला की झालं. इथे बोट स्वतःच सर्किटचा तुकडा बनतं. वैशाखात कोरड्या हाताला हा स्विच दाद देत नाही. बोट ओलं केलं की लगेच पेटतो.

५५५ टायमरचा स्विच आणखी विचारात पाडतो. त्याच्या दोन नंबरच्या पिनला धातूची पट्टी जोडतात. पिनवरचा विद्युतदाब पुरवठ्याच्या एक तृतीयांशाखाली गेला की दिवा लागतो. १ मेगओहम आणि ४.७ मायक्रोफॅरड जोडले तर सुमारे पाच सेकंद टिकतो. पट्टीला हात लावणाऱ्याचं शरीर घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुण अँटेनासारखी झेलतं आणि पिनपर्यंत पोचवतं. त्यामुळे भारनियमनात, किंवा गावाबाहेर शेतात, बॅटरीवरचा हाच स्विच मंदावतो. बोट तेच, पट्टी तीच, भोवताल बदलला.

टीटीपी २२३ या छोट्या मॉड्यूलला तर त्वचा टेकायचीही गरज नसते. पातळ काचेआडून बोट जवळ आलं की धारिता काही पिकोफॅरडनी वाढते आणि त्याला तेवढं पुरतं. पावसाळी दमटपणात खिळ्यांचा स्विच उगाच पेटू शकतो, तिथे हे मॉड्यूल बरं. २ ते ५.५ व्होल्टवर ते चालतं. पण पंखा-दिव्यासाठी मध्ये रिले हवाच, आणि २३० व्होल्टची जोडणी जाणकारानेच करावी.

तिन्ही स्विच मिळून एक गोष्ट दाखवतात. बोट, पट्टी आणि भोवताल यांच्यातल्या संबंधातून स्पर्श घडतो. या संबंधात माणसामाणसांत फरक पडतो, नाही असं नाही. पण तो घामाचा, कोरडेपणाचा, ऋतूचा. तोच माणूस हात धुऊन आला की मल्टिमीटरवर त्याचाच आकडा बदलतो.

यावर कुणी म्हणेल, विटाळ मल्टिमीटरवर दिसत नाही, तसं पुण्यही दिसत नाही. मग एकच का नाकारायचं? आक्षेप रास्त आहे. पण दोन्ही समजुतींचा भार सारखा नाही. पायरीला हात लावणाऱ्याची श्रद्धा त्याच्यापुरती असते, तिच्यासाठी दुसऱ्याला काही सोडावं लागत नाही. विटाळाच्या समजुतीने मात्र दुसऱ्याची विहीर आणि देऊळ बंद केलं. जो दुसऱ्याला अडवतो, पुरावा त्याने द्यायचा. अमरावतीच्या अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या चळवळीने १९२७ साली हाच जाब विचारला. डॉ. पंजाबराव देशमुख त्यात पुढे होते आणि नोव्हेंबरात तिथे भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते. पुरावा कधीच पुढे आला नाही. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, ती विटाळ मोजून नव्हे. माणसाला अडवण्याचा अधिकार कुणालाच नाही, या भूमिकेतून.