निर्जीव डोळ्यावरची परीक्षा

मोतीबिंदू काढताना भिंगाच्या आवरणाला समोरून सुमारे ५ मिलिमीटर व्यासाचे गोल छिद्र पाडतात. मागचे आवरण मात्र शाबूत राहावे लागते, आणि ते असते मिलिमीटरच्या जेमतेम अडीचशेव्या भागाइतके जाड. नवशिक्या सर्जनचा हात बरेचदा इथेच चुकतो.

ही चूक कोणाच्या डोळ्यात व्हावी, हा वैद्यकाइतकाच धर्मविचाराचाही प्रश्न आहे. आजवर ती बहुधा शिकवणाऱ्या रुग्णालयांत फुकट उपचार घेणाऱ्यांच्या वाट्याला आली. आता ती यंत्रात होऊ शकते. ‘आयसी’ या जर्मन सिम्युलेटरमध्ये प्लॅस्टिकचा चेहरा, सूक्ष्मदर्शक आणि पायाखाली पेडल असतात. डोळा फक्त सूक्ष्मदर्शकातून दिसतो. हत्यार नको तिथे लागले की गुण कापले जातात. मुंबईत ‘हेल्पमीसी’ या संस्थेच्या केंद्रातही अशा यंत्रांवर लहान छेदाची शस्त्रक्रिया शिकवतात. ब्रिटनमध्ये अशी यंत्रे उपलब्ध होत गेली त्या काळात, २००९ ते २०१५ दरम्यान, पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या शिकाऊ डॉक्टरांकडून मागचे आवरण फाटण्याचे प्रमाण ४.२ टक्क्यांवरून २.६ टक्क्यांवर आले.

विचार जुनाच आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय सरावाला वाहिलेला आहे: कापणे कोहळ्या-काकडीवर, शीर उघडणे मेलेल्या जनावरावर किंवा कमळाच्या देठावर, पट्टी बांधणे माणसाच्या पुतळ्यावर. शास्त्र तोंडपाठ असूनही ज्याने हा सराव केला नाही, तो कामाला अयोग्य.

पण हात तयार झाला म्हणजे माणूस तयार झाला का? बोरीवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेण्यांत शतकानुशतके ज्या बौद्ध परंपरेचे भिक्षू राहिले, तिने या प्रश्नावर नेमके बोट ठेवले आहे. या परंपरेत कर्म म्हणजे मुळात हेतू. धम्मपदाच्या अट्ठकथेतील, म्हणजे भाष्यातील, पहिलीच कथा चक्खुपाल या आंधळ्या थेराची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूची, आहे. चालताना त्याच्या पायाखाली किडे मेले. त्याला दिसत नव्हते, हेतूही नव्हता, म्हणून दोष नाही. आंधळेपणामागचा दोष होता तो मागच्या जन्मीचा. तेव्हा तो वैद्य होता. डोळे बरे झाले तर मुलांसह दासी होईन, असे एका बाईने त्याला कबूल केले आणि बरे वाटल्यावर दुखणे वाढल्याचे खोटेच सांगितले. त्याने रागाने दुसरे औषध दिले, आणि तिची दृष्टी गेली. (खोटेपणाची ही शिक्षा जरा जास्तच.)

नुसते कसब मोजले, तर या वैद्याला दोन्ही वेळा पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. पहिले औषध अचूक होते, दुसरेही. सिम्युलेटरची मर्यादा हीच: समोर कोणी नसल्यामुळे तिथली चूक निर्दोष ठरते, आणि त्याच कारणाने तिथल्या यशावरून सर्जनच्या करुणेबद्दल काहीच कळत नाही. कान्हेरीच्या ४१व्या लेण्यात करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर अकरा मुखांनी कोरलेला आहे. त्याला पाहायला समोर दुःखी जीव लागतात.

म्हणून यंत्र टाकाऊ ठरत नाही. अप्रशिक्षित हाताची करुणाही डोळा फोडूच शकते. यंत्रावर नापास झालेल्याला रोखणे योग्यच. पास झालेल्याला लगेच मोकळे सोडणे मात्र घाईचे. सुश्रुतसंहितेच्या त्याच सूत्रस्थानातील दहाव्या अध्यायात व्यवसायात उतरणाऱ्या वैद्यासाठीच्या अटी आहेत: ग्रंथ शिकलेला, प्रत्यक्ष कर्म पाहिलेला, सराव केलेला, राजाची परवानगी असलेला, शिवाय कापलेली नखे, स्वच्छ पांढरे वस्त्र, कपटाचा अभाव आणि प्राणिमात्रांशी बंधुभाव. यांतली सरावाची अट सिम्युलेटर तपासतो. कपट आणि बंधुभाव यांची पारख ऑपरेशन थिएटरमध्ये शेजारी उभ्या असलेल्या वरिष्ठाला, आणि आवरण फाटल्यावर खरे सांगितले की नाही हे कळणाऱ्या रुग्णालाच करावी लागते.