जन्मठेप म्हणजे किती वर्षे?



ठाण्याच्या तुरुंगाजवळून आपण नेहमी जातो. पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेला, मराठ्यांनी १७३७ साली जिंकलेला हा किल्ला. इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला. कल्याणलाही आधारवाडीला तुरुंग आहे, पण आधारवाडी म्हटले की आपल्याला आधी कचराच आठवतो.

जन्मठेपेचा कैदी चौदा वर्षांनी सुटतोच, असे आपण सहज बोलतो. ते खरे नाही. गांधीहत्येच्या खटल्यातील गोपाळ गोडसे यांनी आपली शिक्षा भरली असा दावा केला, तेव्हा १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जन्मठेप म्हणजे उरलेले सगळे आयुष्य; सरकारने सूट दिली तरच सुटका. (ती त्यांना १९६४ साली मिळाली.) खुनासारख्या गुन्ह्यात कायद्यातील चौदा वर्षे ही कमीत कमी मुदत आहे, सुटकेची हमी नव्हे. २००८ च्या एका निकालापासून तर काही कैद्यांना कधीच सूट नाही, असेही न्यायालये ठरवू लागली.

येथे आम्ही अडखळतो. वीस वर्षांनी हा माणूस कसा असेल, हे आजच कोणाला कळते? मग त्याच्याकडे पुन्हा पाहायचेच नाही, असे आज का ठरवावे? दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली व्हॅटिकनच्या कायद्यातून जन्मठेप काढून टाकली. ती आडून दिलेली देहदंडाचीच शिक्षा आहे, असे त्यांचे मत होते.

ज्यांच्या घरातले माणूस मारले गेले, त्यांच्यापुढे हे बोलणे सोपे नाही. सोपे असूही नये. बिल्किस बानो प्रकरणातील अकरा जन्मठेपेचे कैदी १५ ऑगस्ट २०२२ रोजी सुटले, तेव्हा त्यांना हार घालण्यात आले. ज्या बाईने सारे भोगले, तिला कोणी विचारलेही नाही. खटला मुंबईत चालला होता, त्यामुळे सुटकेचा अधिकार गुजरात सरकारला नव्हताच, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये ती सुटका रद्द केली. हे योग्यच झाले. सुटकेची आशा ठेवणे वेगळे, गुन्हा घडलाच नाही असे वागणे वेगळे.

सेमिनरीत आम्ही कांट शिकलो. खुन्याला फाशीच द्या, म्हणणारा हा कठोर तत्त्वज्ञ. पण त्याच्यातील माणुसकीची विटंबना करू नका, असेही तो बजावतो. प्रभू येशूनेही बंदिवानाला भेटायला सांगताना, तो निर्दोष आहे का ते आधी पाहा, असे म्हटले नाही.

वर्षे जातात तशी भेटीला येणारी माणसे कमी होतात. शेवटी बहुधा आईच उरते, आणि एक दिवस तीही येत नाही. ऑगस्टचा दुसरा रविवार भारतातील ख्रिस्तसभा तुरुंगसेवेसाठी पाळते. त्या दिवशीच्या प्रार्थनेत कैद्यांबरोबर त्यांनी ज्यांना दुखावले त्यांचीही आठवण असावी.