गाडीची जात

डेट्रॉइटच्या परिसरात गाडी घ्यायची म्हटले की लोक आधी ती कोणाची ते विचारतात, किंमत नंतर. जीएम, फोर्ड, क्रायसलर म्हणजे आपली. टोयोटा, होंडा म्हणजे परकी. युनियनच्या कचेऱ्यांबाहेर परदेशी गाड्यांनी दुसरीकडे उभे राहावे अशा पाट्या असत. 1980 नंतरच्या मंदीत तर जपानी गाड्या घणांनी फोडण्याचे जाहीर कार्यक्रम होत. मी नागपूरच्या इंदोऱ्यात, बौद्ध घरात वाढले. जन्मावरून किंमत ठरवण्याच्या रीतीशी आमच्या घराचे भांडण पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. म्हणून माझ्या मुलीने कॉलेजसाठी जुनी मध्यम आकाराची सेडान शोधायला घेतली आणि घरात वाद सुरू झाला, तेव्हा तो मला नुसता बाजारातला वाद वाटला नाही. वस्तूचे मोल तिच्या जन्मस्थानावर ठरवावे की वागणुकीवर, आणि शेजारी राहणाऱ्या कष्टकऱ्याचे आपण काही देणे लागतो का, हे दोन्ही प्रश्न धम्माचे आहेत. या गाडीत ते एकमेकांत गुंतले आहेत.

आधी देशी-परदेशीचे पाहू. अमेरिकेत 1992 साली झालेल्या कायद्याने नव्या गाडीच्या काचेवर एक पत्रक लावणे सक्तीचे केले: जुळणी कुठे झाली, इंजिन आणि गिअरबॉक्स कुठले, सुट्या भागांपैकी किती टक्के इथले. 'इथले' यात अमेरिका आणि कॅनडा एकत्र धरतात. हे पत्रक वाचायला लागले की पाट्या लावणाऱ्यांची वाटणी टिकत नाही. फोर्डची फ्युजन 2005 पासून मेक्सिकोतल्या एर्मोसिओमध्ये तयार होत होती, आणि पहिल्या पिढीतला तिचा सांगाडा माझदाच्या गाडीवरून घेतलेला होता. टोयोटाची कॅमरी 1988 पासून केंटकीतल्या जॉर्जटाउनमध्ये बनते. होंडाची अकॉर्ड त्याच्याही आधी, नोव्हेंबर 1982 मध्ये, ओहायोच्या मेरीसव्हिलमध्ये बनू लागली. ते गाव आमच्या घरापासून सकाळी निघून जेवायच्या वेळेला पोचण्याइतके जवळ आहे. मी स्वतः सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीचे काम करते. आमच्याकडून दोन्ही बाजूंच्या गाड्यांना माल जातो. तोच साचा, तीच पाळी, तीच माणसे. फक्त खोक्यावरचे लेबल वेगळे.

इथे मला मिलिंद राजाचा रथ आठवतो. माझे बाबा औरंगाबादच्या ज्या कॉलेजात शिकले, त्याला बाबासाहेबांनी मिलिंदाचे नाव दिले होते आणि परिसराला नागसेनाचे. त्यामुळे ही कथा आमच्याकडे पुस्तकातून येण्याआधी जेवणाच्या ताटावर आली. ग्रीक वंशाचा राजा भिक्षूला विचारतो, नागसेन म्हणजे नेमके कोण? नागसेन उलट विचारतो, महाराज, आपण पायी आलात की रथातून? रथातून. मग आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ? जू, दांडी, लगाम? प्रत्येक वेळी राजाला नाही म्हणावे लागते, आणि शेवटी तो कबूल करतो की या सगळ्यांच्या आधाराने 'रथ' हे नाव चालते, एवढेच. मेक्सिकोत जुळलेल्या, जपानी सांगाड्याच्या फ्युजनमध्ये 'अमेरिकन' कुठे आहे? बोनेटवरच्या निळ्या लंबवर्तुळात? डिअरबर्नच्या मुख्यालयात? नफ्यात?

बाबा मात्र कथेचा पुढचा भाग निसटू देत नसत. रथ नाहीच, असे नागसेन म्हणत नाही. राजा खरोखर त्यातूनच आला होता. नावाला व्यवहार असतो, आणि तो व्यवहार काय करतो ते तपासायचे असते. 'देशी गाडी' या नावाने डिअरबर्न आणि वॉरनमध्ये इंजिनिअरांना काम मिळते, फ्लिंटमधल्या निवृत्तांना पेन्शन मिळते. म्हणून ते नाव खोटे म्हणून उडवून लावणे मला पटत नाही. त्या नावाने माणसाला जेव्हा आत-बाहेर केले जाते, तेव्हा मात्र ते विषारी होते.

ते विष किती, हे या शहराने पाहिले आहे. जून 1982 मध्ये हायलंड पार्कमधल्या एका बारमध्ये सुरू झालेले भांडण रस्त्यावर आले आणि व्हिन्सेंट चिन या 27 वर्षांच्या तरुणाला दोघांनी बेसबॉलच्या बॅटने मारले. त्यातला एक क्रायसलरच्या कारखान्यात पर्यवेक्षक होता, दुसरा त्याचा सावत्र मुलगा. तुमच्यामुळेच आमची कामे गेली, अशा अर्थाचे बोलणे ऐकल्याची साक्ष एका बाईने पुढे दिली. चिन जपानी नव्हता, चिनी वंशाचा होता, आणि इथेच लहानाचा मोठा झाला होता. चार दिवसांनी तो गेला. त्याचे लग्न तोंडावर आले होते. राज्याच्या न्यायालयाने दोघांना तीन वर्षांची देखरेख आणि प्रत्येकी 3,000 डॉलर दंड एवढीच शिक्षा दिली. पुढे केंद्र सरकारने भरलेल्या खटल्यातली शिक्षाही अपिलात टिकली नाही. गाडीची जात चेहऱ्याला चिकटली आणि माणूस मेला. सुत्तनिपातातल्या वसल सुत्तात बुद्ध सांगतात की जन्माने कोणी नीच होत नाही आणि जन्माने कोणी श्रेष्ठ होत नाही. माणूस जे करतो त्याने होतो. मी ते सुत्त खैरलांजीच्या हत्याकांडाच्या संदर्भात ऐकले आहे, व्हिन्सेंट चिनच्या संदर्भातही ऐकावे लागेल असे इथे येईपर्यंत वाटले नव्हते.

मग जन्म सोडून कर्म पाहायचे ठरवले, तर गाडीचे कर्म कोणते? याचे उत्तर मला कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्याच्या इतिहासात मिळते, आणि माझ्या धंद्यातल्या प्रत्येकाने तो इतिहास पुन्हा पुन्हा वाचावा असे वाटते.

फ्रीमाँटमधला जीएमचा कारखाना बदनाम होता. गैरहजेरी इतकी की काही सकाळी लाइन सुरू करायला माणसे पुरत नसत. कामगार सूड म्हणून दाराच्या पोकळीत बाटल्या टाकून ठेवत. काहीही झाले तरी लाइन थांबवायची नाही, हा तिथला पहिला नियम. चुकीचे इंजिन बसले तरी गाडी पुढे जाई आणि दुरुस्ती शेवटी, आवारात. 1982 मध्ये तो बंद पडला. मग जीएम आणि टोयोटा यांनी भागीदारीत तो पुन्हा सुरू केला, नाव दिले नमी, आणि 1984 च्या अखेरीस गाड्या बाहेर पडू लागल्या. कामावर घेतलेले बहुतेक कामगार जुनेच होते, युनियनही तीच राहिली. काही तुकड्यांना शिकायला जपानमधल्या ताकाओकाच्या कारखान्यात पाठवले. परत आल्यावर त्यांच्या डोक्यावर एक दोरी होती. काही बिनसले की ती ओढायची; गटप्रमुख धावत येई, दोष वेळेत निस्तरला नाही तर लाइन थांबे, आणि ओढणाऱ्याला कोणी ओरडत नसे. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांची गुणवत्ता जपानी कारखान्यांच्या बरोबरीला आली.

माणसे तीच, गाव तेच, छप्पर तेच. बदलले ते एवढेच, की खरे बोलण्याची मुभा मिळाली. टिकाऊपणा धातूत किंवा देशात नसतो, दोष दिसल्या क्षणी तो सांगण्याची सोय जिथे असते तिथे तो तयार होतो, हे मी माझ्या टेबलावर रोज पाहते. एक पुरवठादार रात्री फोन करून सांगतो, ताई, आज दुपारच्या पाळीतला माल वापरू नका, आमच्या साच्यात गडबड झाली आहे. दुसरा महिनाभर चाचणीचे गोंडस आकडे पाठवत राहतो आणि मग ग्राहकाच्या लाइनवर भाग तुटतात. पहिल्याच्या मालात कधीच दोष नसतो असे नाही. पण विश्वास मी पहिल्यावर ठेवते. सम्मा वाचा हा अष्टांगिक मार्गातला भाग कारखान्यात इतका उघडपणे काम करताना पाहून मला आजही भरून येते.

आणि हे कर्म कोणाच्या वंशात कायमचे राहत नाही. दोरी लावणाऱ्या टोयोटानेच गाड्या आपोआप वेग घेण्याच्या प्रकरणात ग्राहकांची दिशाभूल केली आणि 2014 मध्ये अमेरिकी सरकारशी तडजोड करताना 1.2 अब्ज डॉलर भरले. त्याच वर्षी जीएमच्या किल्लीच्या सदोष स्विचचे प्रकरण बाहेर आले. चालत्या गाडीचे इंजिन बंद पडे, एअरबॅग उघडत नसत. आतल्या लोकांना दोष काही वर्षे ठाऊक होता. भरपाईच्या निधीने 124 मृत्यूंचे दावे मान्य केले. एक जपानी, एक अमेरिकन, आणि पाप एकच: कळलेले दाबून ठेवले.

मुलगी म्हणाली, "आई, हे सगळं ठीक आहे, पण मी कोणती घेऊ?" रास्त प्रश्न आहे. कालाम लोकांना बुद्धांनी सांगितले की परंपरा आहे म्हणून, ऐकीव आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखा. पण एक गाडी घेणारा माणूस दहा वर्षांचा टिकाऊपणा स्वतः कसा पारखणार? त्याला दुसऱ्यांच्या अनुभवावर विसंबावे लागते, आणि मग तो अनुभव कोण सांगतो हे पारखणे हातात उरते. कन्झ्युमर रिपोर्ट्सवाले जाहिराती घेत नाहीत, तपासायची गाडी दुकानातून विकत घेतात, आणि सभासदांकडून दरवर्षी गाड्यांच्या तक्रारी गोळा करतात. शेजाऱ्याच्या मेव्हण्याच्या गाडीच्या गोष्टीपेक्षा मी ते अधिक मानते. त्या नोंदींत कॅमरी आणि अकॉर्ड वर्षानुवर्षे वर राहिल्या आहेत हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सरासरी हजारो गाड्यांची असते, आणि मुलगी त्यातली एकच चालवणार. मीठ टाकलेल्या मिशिगनच्या रस्त्यांवर नऊ हिवाळे काढलेली आणि तेल वेळेवर न बदललेली कॅमरी ही नीट सांभाळलेल्या फ्युजनपेक्षा वाईट सौदा आहे. मालकाचे कर्मही गाडीत साठत जाते.

किमतीचे तर आणखी वेगळे. नमीत एकाच लाइनवर टोयोटाची कोरोला आणि जीएमची प्रिझम बनत. आतून जवळजवळ एकच गाडी, पण जुन्या बाजारात प्रिझम कितीतरी स्वस्त मिळे. त्या फरकाला यंत्राचा काहीच आधार नव्हता, तो लोकांच्या मनातल्या जातीचा भाव होता. या वेळी तोटा 'घरच्या' नावाला झाला, एवढेच. जुनी गाडी विकत घेताना आपण यंत्राचे किती देतो आणि नावाचे किती, हे वेगळे करता आले पाहिजे.

एवढे माझे मत तयार झाले होते, आणि आमच्या शेजारी राहणाऱ्या निवृत्त कामगाराने त्यात पाचर मारली. ते तीस-एक वर्षे लाइनवर होते. मी त्यांना कर्माचे सांगितले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मग कंपनी आपल्या माणसांशी कशी वागते, हे तिचे कर्म नाही का?" मेरीसव्हिलला युनियन नाही, जॉर्जटाउनला नाही. 2023 मध्ये युनियनने तीन कंपन्यांत संप करून वेतनवाढ मिळवली आणि त्यानंतर काही आठवड्यांतच टोयोटा आणि होंडानेही आपल्या अमेरिकेतल्या कामगारांचे पगार वाढवले. "त्यांच्या वाढीसाठी आम्ही बिनपगारी रस्त्यावर उभे राहिलो," ते म्हणाले.

आमचे घर गांधींच्या विचाराचे कधीच नव्हते. तरी त्यांनी स्वदेशीकडे शेजाऱ्याविषयीचे कर्तव्य म्हणून पाहिले, ते मला या क्षणी बाजूला सारता आले नाही. शेजाऱ्याची जात, देश, रंग न विचारताही हे कर्तव्य उरते, हे मला पटते. शिवाय बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामाचे तास, युनियनची मान्यता हे त्यांच्या कामाचे विषय होते. मी कर्माचा निकष लावून कामगाराच्या वाट्याचे कर्म वगळले, तर तो निकष अर्धाच राहतो. आणि दुसऱ्या बाजूने, नमीत युनियन होती, दोरीही होती. दोन्ही एकत्र नांदू शकतात हे त्या कारखान्याने 2010 मध्ये बंद होईपर्यंत दाखवले. मग ग्राहकाने दोन्ही मागू नयेत असे कोणी का म्हणावे?

म्हणून आता यादीत दोन गाड्या आहेत. एक मेरीसव्हिलची अकॉर्ड. दुसरी फ्युजन, पण एर्मोसिओची नव्हे. फोर्डने 2013 पासून काही काळ ती मिशिगनच्या फ्लॅट रॉकमध्येही बनवली, युनियनच्या हातांनी, आणि तो कारखाना मुळात माझदाने उभारलेला. गाडीच्या व्हिन या ओळख क्रमांकाचा पहिला आकडा पाहून हे कळते: 3 असेल तर मेक्सिको, 1 असेल तर इथली. शेजाऱ्यांनी स्वतः मुलीला तो काचेच्या कोपऱ्यातून कसा वाचायचा ते दाखवले. 2013 ते 2016 मधल्या काही फ्युजन गिअरच्या केबलच्या एका छोट्या बुशिंगसाठी 2018 मध्ये परत मागवल्या होत्या. ते काम झाले आहे का, याची नोंद विक्रेत्याकडे मागायची आहे. अकॉर्डच्या मालकाकडे तेल बदलल्याच्या सगळ्या पावत्या आहेत असे तो फोनवर म्हणाला. शनिवारी दोन्ही पाहायला जातो आहोत. शेजारी बरोबर येणार आहेत, खालचा गंज पाहायला त्यांच्याकडे चांगला दिवा आहे.