कॅमेऱ्यासमोरचे बालगंधर्व

बालगंधर्वांचे चरित्र सांगताना आपण १९३५ साल घाईने ओलांडतो. भामिनी, सिंधू, रुक्मिणी या त्यांच्या रंगभूमीवरच्या स्त्रीभूमिकांबद्दल तासन्‌तास बोलतो आणि सिनेमाची गोष्ट एका वाक्यात आटोपतो: पडद्यावर ते चालले नाहीत. हे वाक्य मला अन्यायाचे वाटते.

बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. त्यांचे मूळ गाव कृष्णाकाठचे नागठाणे. साताऱ्याजवळ महामार्गावरही एक नागठाणे आहे, पण हे पलूस तालुक्यातले. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. गावाचा जिल्हा बदलला, तरी नारायणरावांवरचा हक्क दोन्हीकडची माणसे सांगतात. त्यांचे रंगभूमीवरचे पहिले पाऊलही याच मुलखात पडले. १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘शाकुंतल’मध्ये ते शकुंतला म्हणून मिरजेत उभे राहिले. त्याआधी त्यांच्या कानावर मिरजेच्या मिशन इस्पितळात उपचार झाले होते आणि त्यामागे शाहू महाराजांचा आधार होता.

पुढची तीस वर्षे सगळ्यांना ठाऊक आहेत. १९११ मध्ये मुलीच्या मृत्यूच्या दिवशीच ते ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाला उभे राहिले. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसल्यांबरोबर संयुक्त ‘मानापमान’ झाला. खरी अत्तरे, भारी शालू, तिरखवाँसाहेबांचा तबला, कादरबक्षांची सारंगी असे सारे वैभव होते आणि त्याच्याच पोटात कर्जही होते.

मग बोलपट आला. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये दुर्गा खोटे तारामती झाल्या. रंगभूमीवर तर मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर आधीच उभ्या राहिल्या होत्या. स्त्रीची भूमिका स्त्रीने करावी हे लोकांना पटू लागले. नाटक कंपन्यांच्या पायाखालची जमीन सरकली होती. सांगलीत दीनानाथ मंगेशकर आणि चिंतामणराव कोल्हटकर यांच्या ‘बलवंत’ नाटक मंडळीने सिनेमाची वाट धरून पाहिली. १९३४ चा ‘कृष्णार्जुन युद्ध’ त्यांना सावरू शकला नाही.

अशा वेळी ‘प्रभात’ या चित्रपटसंस्थेने बालगंधर्वांना संत एकनाथांची भूमिका दिली. दिग्दर्शक होते व्ही. शांताराम. चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’ होते. त्यात गांधीजींचा भास होतो म्हणून सेन्सॉरने हरकत घेतली आणि ‘धर्मात्मा’ हे नाव ठेवावे लागले. अस्पृश्याच्या घरी जेवणारे नाथ १९३५ मध्ये पडद्यावर आणणे हे धाडसच होते.

सत्तेचाळीस वर्षांचा, जन्मभर नऊवारी नेसून उभा राहिलेला नट धोतर-उपरण्यात कॅमेऱ्यासमोर आला. त्याला काय जमले नाही, असे आपण विचारत राहतो. त्याच्याकडून काय काय काढून घेतले गेले, हे कुणी विचारत नाही. वन्समोअर गेला. त्यांचे पद श्रोत्यांच्या दाद देण्यातून वाढत जाई. एकच ओळ पुन्हा आली की नवे वळण घेऊन येई. स्टुडिओत समोर होते दिवे, माइक आणि शांतता. पदाची लांबी कमी पडली, हे कारण मला पुरेसे वाटत नाही. तीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिकांत त्यांनी जे करून ठेवले आहे ते आजही थक्क करते. अडचण डोळ्यांची होती, आणि ते डोळे प्रेक्षकांचे होते. तिकीट काढून आलेला माणूस नाथांमध्ये भामिनी शोधत होता.

पुढच्याच वर्षी ‘प्रभात’चाच ‘संत तुकाराम’ आला. त्यातले विष्णुपंत पागनीसही रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे. तोच वारसा, तेच भजन, जवळपास तसाच संत. तो चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला आणि व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवापर्यंत पोचला. पागनीसांच्या तुकारामात कुणी जुनी नायिका शोधायला गेले नाही. त्यांना नवा चेहरा मिळाला. बालगंधर्वांना तो आपण मिळू दिला नाही.

अमेरिकेत विल्यम एस. हार्ट हा शेक्सपिअरची नाटके करणारा नट १९१४ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, सिनेमात आला आणि घोडेस्वारांच्या मूकपटांचा मोठा नायक झाला. उशीर त्यालाही झालाच होता. पण त्याच्या रंगभूमीवरच्या रूपाचे ओझे प्रेक्षकांच्या मनावर नव्हते. वय आणि माध्यम यांवर सगळा दोष टाकता येत नाही, तो यामुळे.

‘प्रभात’शी अनेक चित्रपटांचा करार होता. तो एका चित्रपटावर थांबला. १९३७ मध्ये बाबूराव पेंटरांच्या ‘साध्वी मीराबाई’त नारायणराव पुन्हा स्त्रीवेषात आले. लोकांना जे हवे होते तेच दिले, तरी ते लोकांना रुचले नाही. माझ्या मते सगळ्यात बोलकी गोष्ट हीच आहे. आठवणीतले रूप जिवंत माणसाकडून परत मागितले की देणारा हरतोच. त्यानंतर ते रंगभूमीकडे वळले आणि उतारवयातही गात राहिले. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले, १९६७ मध्ये ते गेले.

सांगली-साताऱ्यात दरवर्षी नाट्यसंगीताच्या मैफली होतात, बालगंधर्वांची पदे आळवली जातात. त्यातली एक संध्याकाळ ‘धर्मात्मा’ला द्या. भामिनीला घरी ठेवून या, आणि पडद्यावर नाथ म्हणून उभा असलेला नट तेवढा पाहा.