बिघडल्यावर काय सांगेल, ते पाहून मीटर निवड

चि. सोनूस,



आजोबांची डिझेल जीप तू पुन्हा रस्त्यावर आणतेयस, याचा मला फार आनंद आहे. डॅशबोर्डवर मेकॅनिकल मीटर बसवू की इलेक्ट्रिक, असं तू विचारलंस. मिस्त्री म्हणेल, मेकॅनिकल जास्त भरवशाचा. दुकानदार म्हणेल, इलेक्ट्रिक बसवायला सोपा. दोघंही खरंच बोलतात, पण तेवढ्यावर ठरवू नकोस. कुठलाही मीटर कधी ना कधी बिघडतोच. बिघडेल त्या दिवशी तो तुला काय दाखवेल आणि इंजिनाचं काय करेल, हे आधी बघ.

ऑइल प्रेशर घे. मेकॅनिकल मीटरला इंजिनातलं ऑइल बारीक नळीतून थेट डॅशबोर्डपर्यंत येतं. मीटरच्या आत एक वळवलेली चपटी नळी असते. जत्रेतली कागदी पिपाणी फुंकल्यावर उलगडते, तशी ती दाबानं किंचित उलगडते आणि काटा फिरवते. युजीन बूर्दाँ या फ्रेंच अभियंत्यानं १८४९ मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं, आणि ती अजून वापरात आहे. तिला ना बॅटरी लागते, ना वायर. पण बाहेरची नायलॉनची नळी उष्णतेनं कडक होऊन तडकते, तांब्याची असली तर डिझेलच्या थरथरीनं तुटते. मग गरम ऑइल पायांवर उडतं आणि इंजिन मात्र रिकामं होत जातं. इलेक्ट्रिक मीटरची वायर तुटली तर ऑइल जागच्या जागी राहतं. म्हणून ऑइलला इलेक्ट्रिकच बसव.

मात्र मीटर आणि इंजिनावर बसणारा त्याचा सेंडर जोडीनंच घे. दाब बदलला की सेंडरचा विद्युतरोध बदलतो, आणि त्याच्या दोन पद्धती चालतात. युरोपीय पद्धतीत शून्य दाबाला साधारण १० ओहम आणि पूर्ण दाबाला १८० ओहम. अमेरिकी पद्धतीत शून्याला २४० आणि पूर्ण दाबाला ३३. एकाचा सेंडर दुसऱ्याच्या मीटरला लावलास, तर दाब गेल्यावरही काटा चढलेला दिसेल. शिवाय वायर तुटली की युरोपीय मीटरचा काटा वर जाऊन बसतो, अमेरिकीचा खाली पडतो. तू २४०–३३ ची जोडी माग. काटा पडला की तू गाडी थांबवशील; वर गेला तर निर्धास्त चालवत राहशील. ऑइल प्रेशरचा जुना लाल दिवाही काढू नकोस. टी-जोड लावून दिवा आणि मीटर दोन्ही ठेव.

पाण्याच्या तापमानाला मात्र मेकॅनिकल घे. त्याचा बल्ब इंजिनाच्या पाण्यात बसतो, आणि बल्बमधल्या द्रवाच्या वाफेचा दाब बारीक नळीतून येऊन काटा हलवतो. ही नळी कापता येत नाही, जोडता येत नाही, म्हणून लांबी मोजूनच घे. पत्र्यातल्या भोकाला रबर लाव आणि उरलेली नळी सैल वेटोळ्यात बांध. नळी फुटली तर काटा खालीच राहतो. इंजिन तापूनही हलत नाही, तेव्हा बिघाड तुझ्या लगेच लक्षात येतो. इलेक्ट्रिकचं तसं नाही. सेंडरच्या आट्यांवर जास्त टेप गुंडाळली किंवा अर्थिंग गंजलं, तर रोध वाढतो आणि तापलेलं इंजिन थोडं थंड दिसतं. काटा चालू असतो, म्हणून आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना तेवढ्या चुकीनंही हेड गॅसकेट जाऊ शकतं. एक लक्षात ठेव: पाणी सगळं गळून गेलं, तर बल्ब कोरडा पडतो आणि कुठलाच मीटर खरं सांगत नाही. चढावर काटा अचानक खाली आला, तरी थांब.

डिझेलच्या टाकीला इलेक्ट्रिकशिवाय विचारच करू नकोस. इंधन केबिनमध्ये आणायचंच नसतं. चार्जिंगसाठी ॲमीटरऐवजी व्होल्टमीटर लाव. ॲमीटरमधून चार्जिंगचा सगळा प्रवाह डॅशबोर्डमागून जातो, आणि एखादा नट सैल झाला की तिथेच तापतं. व्होल्टमीटरला बारीक वायर पुरते. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले, म्हणजे चार्जिंग ठीक आहे.

सगळं बसवून झालं की इंजिन चांगलं तापू दे. मग स्लोवर आणि हमरस्त्यावरच्या वेगाला प्रत्येक काटा कुठे उभा राहतो, ते वहीत लिहून ठेव. आपल्या गाडीचा नेहमीचा आकडा ज्याला पाठ नाही, त्याला कितीही महाग मीटर उपयोगी पडत नाही. पहिल्या घाटात दर वळणानंतर एकदा काट्यांकडे बघ. त्यातला एकही नेहमीच्या जागेवरून हलला असेल, तर कारण सापडेपर्यंत गाडी पुढे नेऊ नकोस.

तुझा,
मामा